नऊ बटणांचं गाणं

१३ मार्च २००४, शनिवार

क्लाइव्ह टनर्डचं पत्र आलं आणि माझा चहा गार झाला. हा माणूस भूगोलाचा मास्तर होता, आता निवृत्त आहे, आणि आमच्या बँडचे जे काही चाहते उरलेत त्यांचा हा कारभारी. ‘टॅलो फेअर’ हा बँड जगाच्या लेखी सत्त्याहत्तर सालीच संपला. चारशे बारा माणसांच्या लेखी नाही. ती चारशे बारा माणसं दर ऑगस्टात वेनथॉर्पच्या माळावर घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन जमतात, पावसात भिजतात, आणि आम्ही म्हातारे मंचावर चढून वाजवतो. क्लाइव्ह त्यांच्यासाठी तीन महिन्यांनी एक पत्रक काढतो. त्यात माझ्या व्हायोलिनच्या तारा कुठल्या कंपनीच्या, असलं काहीबाही असतं.

तर यंदा त्यांनी ठरवलंय की वेनथॉर्पच्या चर्चमागे एडिथ पॅल्फ्रीच्या थडग्यावर नवा दगड बसवायचा. ‘नऊ बटणं’ हे गाणं जिच्या तोंडून मिळालं ती एडिथ. दगडावर गाण्यातल्या दोन ओळी कोरणार. शिवाय शरदात आमची दुसरी रेकॉर्ड नव्याने सीडीवर निघतेय, तिच्या कव्हरवर एडिथचा फोटो. माझा फोटो आत चौथ्या पानावर, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

आणि शेवटी हळूच विचारतो: ‘रॉलंड, तुम्ही अडुसष्ट साली तिचा आवाज टेपवर घेतला होतात. दगड बसवताना एक मिनिटभर ऐकायला मिळेल का?’

टेप नाही. कारण एडिथने ते गाणं कधी गायलंच नाही. कारण ते मी लिहिलं.

लिहिलं एकदाचं. पस्तीस वर्षांत कागदावर पहिल्यांदाच.

१५ मार्च, सोमवार

आजच्या पोरांना हे सांगून पटणार नाही, म्हणून नीट लिहितो.

तेव्हाचे लोकगीतांचे क्लब म्हणजे दारूच्या गुत्त्यावरची माडी. पंचवीस खुर्च्या, धूर, आणि पुढच्या रांगेत पाइप ओढणारा सेक्रेटरी. गाणं म्हणण्याआधी सांगायचं, कुणाच्या तोंडून घेतलं, कुठल्या गावचा माणूस, वय काय. ते सांगून झालं की सेक्रेटरी मान हलवणार, मगच गिटारीला हात लावायचा. स्वतः रचलेलं गाणं म्हणायची सोय नव्हती. हल शहरातल्या क्लबात एका पोराने हौसेने स्वतःचं गाणं सुरू केलं, तर दुसऱ्या कडव्यावर सेक्रेटरी म्हणाला, ‘हे घरी आईला ऐकव हं.’ ते पोर जिना उतरून गेलं ते परत आलंच नाही. लोक हसले. मीही हसलो.

एडिथकडे मी खरंच गेलो होतो. अडुसष्टच्या शरदात, बटाट्याच्या पोत्याएवढा टेपरेकॉर्डर बसमधून वाहून. एक्याऐंशी वर्षांची, शेतमजुराची विधवा. चहा दिला, ओव्याचा केक दिला, पायाची भोवरी काढून दाखवली. गाणी येतात का विचारलं, तर म्हणाली, ‘गाणी? रेडिओवर लागतात की.’ डिसेंबरात ती वारली.

पुढच्या वसंतात ‘नऊ बटणं’ तयार झालं तेव्हा मला वाटलं, हे काहीतरी झालंय बुवा. आणि सेक्रेटरीने ‘कुणाचं?’ म्हणून विचारलं तेव्हा तोंडातून नाव निघालं, ‘एडिथ पॅल्फ्री, वेनथॉर्प, वय एक्याऐंशी.’ मेलेली बाई, विचारायला कोण जाणार? आमची गायिका मेरियल गायली. सेक्रेटरीने पाइप खाली ठेवला. मागे एक बाई रुमाल तोंडाला लावून जिन्यात जाऊन बसली. शरदात रेकॉर्डवर छापून आलं, ‘पारंपरिक’. झालं.

तेव्हापासून एडिथ पॅल्फ्री आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलीय. शाळेत ते गाणं शिकवतात. शेफील्डच्या एका प्राध्यापकाने नऊ आणि सात या आकड्यांवर वीस पानं खरडलीत. माझं नाव कुठे? कुठेच नाही. मी नुसता आणून देणारा हमाल.

२१ मार्च, रविवार

लेनीला सांगितलं. लेनी स्प्रॅग, आमचा बास वाजवणारा; ट्रक चालवून पोट भरलं आणि दर ऑगस्टात बासला तेलपाणी केलं. मला वाटलं होतं, तो उडेल. पठ्ठ्या बिअर पितच राहिला. म्हणाला, एडिथचं नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं, ती केक देणारी म्हातारी कसली गाते.

मग गप्प का बसलास, विचारलं. म्हणाला, चारशे माणसं चिखलात बसून एक गोष्ट ऐकायला येतात, आपल्याला ती फोडून काय मिळणार?

‘माझं नाव मिळेल,’ मी म्हटलं. पैशांचं नाही हे. वयाची अठ्ठावन्न संपतील आता. उद्या मेलो तर पेपरात काय येईल? ‘एडिथ पॅल्फ्रीचं गाणं शोधून काढणारा’.

लेनीने ग्लास ठेवला. ‘म्हाताऱ्या, राग मानू नको. पण तसं गाणं तुला लिहिता येत होतं तर दुसरं का नाही लिहिलंस?’

हे माझ्या घरात बसून, माझी बिअर पिऊन. पंचाहत्तरनंतर माझ्या स्वतःच्या गाण्यांच्या दोन रेकॉर्डी निघाल्या, त्यांचे गठ्ठे अजून माळ्यावर पडलेत, म्हणून त्याला टोमणा मारायला बरं जमतं. त्या रेकॉर्डींत काय वाईट होतं ते मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. जाहिरात नव्हती, एवढंच.

५ एप्रिल, सोमवार

काल मेरियलकडे गेलो होतो, क्लीथॉर्प्सला. समुद्र नेहमीप्रमाणे मैलभर लांब, नुसता चिखल.

मेरियलचा आवाज म्हणजे टॅलो फेअर, हे मी कबूल करतो, माझ्यावर अन्याय झाला तरी मी कुणावर करत नाही. आम्ही सहा वर्षं एकत्र राहिलो. मग चौऱ्याहत्तर साली तिने बँड सोडला, मला सोडलं आणि सुईण व्हायचं शिकली. त्या आवाजाची बाई सव्वीस वर्षं लोकांची बाळंतपणं करत बसली. काय म्हणायचं याला? मी तेव्हाही विचारलं होतं. म्हणाली, करावंसं वाटतं. ऑगस्टातल्या मेळाव्याला मात्र दरसाल येते, गाते, आणि जेवायच्या आत निघून जाते.

तिने हॅडक मासा तळला होता. मी जेवता जेवता सांगून टाकलं की यंदा मी खरं काय ते सांगणार.

‘काय खरं?’ तिने विचारलं.

‘की गाणं मी लिहिलं.’

ती उठली, किटली भरली, ती आधीच भरलेली होती तरी. पाठमोरीच म्हणाली, ‘तू लिहिलंस.’ विचारलं असं नाही, नुसतं म्हणाली. मग किटली शेगडीवर ठेवली. मला वाटलं, बाईला माझी बाजू पटली.

तर वळून म्हणते, ‘एडिथचं राहू दे ना, रॉली. बिचारी चांगली होती. तिच्याकडे ते नीट राहिलंय.’

मी चिडलो. म्हटलं, तुला काय, तुझं नाव तर सगळीकडे आहेच, गायिका म्हणून. मी रात्रंदिवस खपून ते रचलं. ती म्हणाली, ‘कधी?’ मी म्हटलं, एकोणसत्तरच्या हिवाळ्यात, त्या शेतावरच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. ती म्हणाली, ‘त्या हिवाळ्यात तू घरी कितीसा होतास?’

हे असं मागचं उकरून काढायची बायकांना खोडच असते. तो हिवाळा वाईट गेला हे खरं. मेरियलचं बाळ सातव्या महिन्यात गेलं. अकरा दिवस ती लिंकनच्या हॉस्पिटलात होती. पहिले चार दिवस मला येता आलं नाही, उत्तरेत कार्यक्रम ठरलेले होते आणि ऐन वेळी ते मोडता येत नाहीत. घरी आल्यावर ती बोलायची नाही. मीही विषय काढला नाही, म्हटलं कशाला जखमेवरची खपली काढा. खिडकीशी बसून शिवण हातात धरायची आणि काहीतरी गुणगुणायची. पण याचा गाण्याशी काय संबंध?

परतीच्या गाडीत वाटलं, ती जळते. इतक्या वर्षांनीसुद्धा.

११ मे, मंगळवार

पुरावा हवा. नुसतं तोंडाने सांगून क्लाइव्ह ऐकणार नाही, मास्तर माणूस. तीन दिवस माळ्यावर धूळ खाल्ली आणि निळ्या पुठ्ठ्याची ती वही सापडली. 

गाणं आहे. चारही कडवी. 

‘नऊ बटणं मोजून घेतली, सात लावून झाली,
दोन डबीत तशीच ठेवून थंडी निघून गेली.’

फक्त अक्षर मेरियलचं आहे.

आता याचा अर्थ एवढाच की मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. माझं अक्षर तेव्हाही डॉक्टरासारखं होतं. वर तारीख २३ फेब्रुवारी घातलीय. जुनी डायरी काढून बघितलं तर त्या आठवड्यात मी न्यूकॅसलला होतो, म्हणजे तारीख तिने चुकीची टाकली. माझ्या अक्षरात सूर लिहिलेत, आणि दोन शब्द बदललेत. ‘हिवाळा’ खोडून ‘थंडी’ केलंय, आणि तिसऱ्या कडव्यात ‘मी’ होतं तिथे ‘ती’ केलंय. या दोन बदलांनीच गाणं उभं राहिलं, हे कुणीही जाणकार सांगेल. ‘मी’ असतं तर ते कुणा एका बाईचं रडगाणं झालं असतं. ‘ती’ केल्यामुळे ते शंभर वर्षं जुनं वाटतं. याला म्हणतात रचना.

१२ मे, बुधवार

ही वही अशी दाखवली तर लोकांचा उगाच घोटाळा होईल. अक्षरावर जाणारे लोक.

त्याच वहीत मागे कोरी पानं होती. जुन्या शाईच्या पेनाने गाणं माझ्या अक्षरात उतरवून काढलं, एक-दोन ठिकाणी खाडाखोड केली, खरी वाटेल अशी. यात खोटं काही नाही. माझंच गाणं मी माझ्या हाताने लिहिलं. मेरियलचं पान ब्लेडने कापून काढलं. फाडलं नाही, जपून ठेवलंय.

 

२९ मे, शनिवार

क्लाइव्हला सांगितलं.

मला वाटलं होतं तो खूश होईल. त्याचा आवडता माणूस नुसता वाजवणारा नव्हे, कवी निघाला! हा बाबा चष्मा पुसत राहिला. मग वही बघितली, पानं हाताने चाचपली, वास घेतला. म्हणाला, ‘म्हणजे तिने नाही गायलं.’ मी म्हटलं, नाही. ‘एकही ओळ नाही?’ एकही नाही.

मग कळलं की लग्न झाल्यावर तो बायकोला घेऊन पहिल्यांदा कुठे गेला असेल तर वेनथॉर्पच्या चर्चमागे. लोक समुद्रावर जातात. बायको गेल्यावरही दर नाताळात एकटाच जाऊन एडिथच्या थडग्यावर हॉलीची डहाळी ठेवून येतो. मी काय करू याला? मी कुणाला सांगितलं होतं का डहाळ्या ठेवा म्हणून?

शेवटी तो मास्तरासारखा सरळ बसला आणि म्हणाला, खरं असेल तर छापलंच पाहिजे, सीडीवरचा मजकूर बदलतो. दगड मात्र कोरून तयार आहे, त्याच्या गॅरेजमध्ये उभा आहे. आणि एडिथच्या नातीला तुम्ही स्वतः सांगायचं, मी नाही सांगणार.

म्हणजे जिंकलो की मी. घरी येऊन एक ग्लास भरला आणि अर्धाच प्यालो.

६ जून, रविवार

डोरीन मॉल्टबी ही एडिथच्या बहिणीची नात. साठीची, वेनथॉर्पमध्येच राहते, गावच्या सभागृहाच्या किल्ल्या हिच्याकडे. दर मेळाव्यात क्लाइव्ह तिला पुढच्या रांगेत बसवतो आणि गाणं झालं की सगळे तिच्याकडे वळून टाळ्या वाजवतात. ती लाल होते आणि पर्स घट्ट धरते.

मी, क्लाइव्ह आणि ती. तिने स्कोन केले होते, वर घरचा जॅम. मी सगळं सांगितलं. ती स्कोनला लोणी लावतच राहिली.

‘मला माहीत होतं हो,’ ती म्हणाली. ‘आजी कधी गायची नाही. चर्चमध्येसुद्धा नुसतं तोंड हलवायची. पण तुम्ही इतकी शिकलेली माणसं सांगता, तर म्हटलं, आम्ही नसताना गात असेल. आमच्यापासून लपवून ठेवलं असेल काहीतरी.’

मग म्हणाली, तिला तसं काही लपवायला होतं हे ऐकून मला तिचा अभिमान वाटायचा. भिंतीवर शाळेच्या पोरांनी काढलेलं चित्र होतं, म्हातारी खिडकीत बसून बटणं लावतेय. डोरीनबाईंनी उठून ते खिळ्यावरून काढलं आणि उलटं करून कपाटामागे ठेवलं. रागावून नाही, जेवण झाल्यावर ताटं उचलावीत तसं.

येताना क्लाइव्ह गाडी चालवत होता. मी म्हटलं, सत्य कडू असतं. त्याने गिअर बदलला.

३१ जुलै, शनिवार

तालीम. मेरियल आली. बाकी सगळी गाणी गायली, आवाज अजून असा की लेनीसुद्धा चुकला. ‘नऊ बटणं’ आलं तेव्हा म्हणाली, घसा दुखतोय, ते नको आता, येतंच की सगळ्यांना.

मी तिला बाजूला घेऊन नवा मजकूर दाखवला. ‘शब्द आणि चाल: रॉलंड थ्रेल.’ तिने चष्मा लावून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

‘वही सापडली का?’ तिने विचारलं.

मी म्हटलं, सापडली.

‘बरं,’ म्हणाली आणि चष्मा काढून डबीत ठेवला.

मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तरं तयार होती.

१५ ऑगस्ट, रविवार

काल मेळावा झाला. अंग मोडून आलंय, पण आजच लिहायला हवं, नाहीतर मीच उद्या वेगळं लिहीन.

दुपारी तंबूत बोलण्याचा कार्यक्रम. मी, मेरियल, लेनी खुर्च्यांवर, क्लाइव्ह उभा. त्याने कागदावरून वाचून सांगितलं, स्वर सपाट. लोक आधी हसले, त्यांना वाटलं मी नेहमीसारखी फिरकी घेतोय. मग हसणं थांबलं. कुणी ओरडलं नाही की शिवी दिली नाही. इंग्रज माणूस शिवी देत नाही, थर्मासचं झाकण लावतो. तीनशे-चारशे झाकणं लावल्याचा आवाज आला म्हणा ना. पुढच्या रांगेतली डोरीनबाईंची खुर्ची मोकळी होती आणि कुणी तिच्यावर बसत नव्हतं.

मग शेफील्डचे ते प्राध्यापक उठले, वीस पानंवाले. चेहरा पडलेला, पण माणूस सभ्य. म्हणाले, मिस्टर थ्रेल, आता तुम्हीच आहात तर एक विचारतो, आयुष्यभर पडलेला प्रश्न आहे. नऊ बटणांतली सातच का लावली? दोन डबीत का राहिली?

सगळा तंबू माझ्याकडे बघायला लागला. पस्तीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो हा. आणि खरं सांगतो, मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

‘जमलं म्हणून,’ मी म्हटलं. ‘चालीत सात बसत होतं. सहा बसत नव्हतं.’

एकदोघे हसले. प्राध्यापकांनी मान डोलावली, वहीत लिहिलं आणि खाली बसले. मी मेरियलकडे बघितलं, तिला तरी गंमत वाटेल म्हणून. ती माझ्याकडेच बघत होती. रागाने असतं तर मला कळलं असतं. ओळखीचा माणूस रस्त्यात दिसावा आणि जवळ आल्यावर तो भलताच निघावा, तेव्हा आपण बघतो तसं.

ती उठून बाहेर गेली. मी मागोमाग. चहाच्या गाडीमागे उभी होती, हातात कोट.

‘बटणं खरी होती, रॉली,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘असतील.’ दुसरं काय म्हणणार?

‘एडिथचं होतं तोवर मला ते गाता येत होतं. दुसऱ्या बाईचं म्हणून. दर वर्षी एकदा यायचं, गायचं, उरलेलं वर्ष मग काढता यायचं.’ तिने कोटाची बाही सरळ केली. ‘तुझं म्हणून नाही येणार गाता.’

म्हटलं, अगं, लोक आलेत ते गाणं ऐकायला, पाच वाजता आपल्याला चढायचंय. ती म्हणाली, ‘मग तू म्हण. तुझंच आहे.’ आणि गाड्या लावल्या होत्या त्या शेताकडे चालायला लागली. मी तिला हाकही मारली नाही. लेनी सगळं बघत होता, तो माझ्याशी त्यानंतर फक्त सुरांपुरतं बोलला.

पाच वाजता मी म्हटलं. तिसऱ्या कडव्यापर्यंत लोक साथ देत होते, मग एकेक जण थांबत गेला. शेवटचं कडवं मी एकटाच म्हणत होतो. दरसाल त्या कडव्याला माळावर चिटपाखरू हलत नाही. काल एका कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत होतं.

२ ऑक्टोबर, शनिवार

सीडी आली. कव्हरवर एडिथ नाही, तेव्हाच्या बँडचे आम्ही पाचजण आहोत. नाव छापलंय. चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं.

क्लाइव्हने पत्रक बंद करत असल्याचं कळवलंय. तब्येतीचं कारण दिलंय. दगडाचं काय केलं ते लिहिलं नाही, मीही विचारलं नाही.

मेरियलला दोन पत्रं टाकली. एकात लिहिलं होतं की हवं तर ‘चाल’ तुझ्या नावावर घालू या, पुढच्या आवृत्तीत. उदार होऊन लिहिलं होतं मी. उत्तर नाही.

२८ नोव्हेंबर, रविवार

काल हलला गेलो होतो. तोच क्लब, तीच माडी, धूर तेवढा नाही. शनिवारी दुपारची बैठक. आताची सेक्रेटरी तिशीतली मुलगी, फार अदबीने वागली. म्हणाली, आमच्याकडे हल्ली ‘नऊ बटणं’ कुणी म्हणत नाही, जुनी गाणीच घेतो ना आम्ही, पण तुम्ही स्वतः आलात तर म्हणा. बावीस माणसं होती. म्हटलं. टाळ्या वाजल्या, नीट, मोजून.

सामान आवरत होतो तर एक बाई थांबलेली दिसली. तीस-बत्तीसची, अंगावर रेनकोट, हातात सीडी. सही हवी होती. मी पेन काढलं. ती म्हणाली, तुमचं गाणं मी मार्चपासून रोज ऐकते. आधी वाटायचं, ती जुन्या काळची म्हातारी, तिला ठाऊक असणार, पूर्वी घरोघर व्हायचंच तसं. पण आता कळलं की हे एका पुरुषाने लिहिलंय.

‘माझंही सातव्या महिन्यात गेलं,’ ती म्हणाली. ‘कपडे अर्धे शिवलेले होते. सात बटणं म्हणजे काय ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मला कळलं. बाकी कुणाला कळत नाही. तुम्हाला कसं कळलं?’

मी सीडीचं कव्हर उघडत होतो. ते प्लॅस्टिकचं, लवकर उघडत नाही.

‘तुमचंही गेलं होतं का?’ तिने विचारलं. तिचे डोळे भरले होते आणि तिला हो ऐकायचं होतं. एक शब्द. बावीसातली निम्मी माणसं अजून जिन्यातच होती, कुणी ऐकतही नव्हतं.

मी ‘नाही’ म्हणालो.

मग तिचं नाव विचारलं, नीट अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.